हातचे एकशे तीस

आमच्या वन्संना ‘बसा’ म्हणायची सोय नाही. कुणी कौतुकाने खुर्ची पुढे केली की त्या आधी खुर्ची हलवून बघतात, एखादा पाय डुगडुगत असला तर तो कसा बसवायचा ते सांगतात, आणि वर म्हणतात, “मी उभीच बरी.” वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची छाती या घरात कुणाची झाली नाही. एकतीस वर्षं एकाच कंपनीत नोकरी. हॉस्पिटलात ऑपरेशनची हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायची मोठाली यंत्रं असतात ना, ती दुरुस्त करायची. यंत्र बंद पडलं की ऑपरेशनं थांबतात, आणि ऑपरेशनं थांबली की वन्संचा फोन वाजतो. मग पेटी उचलायची आणि विमानतळ गाठायचा, असं महिन्यातून चार-पाच वेळा. हॉस्पिटलातल्या नर्सा त्यांना वाफेच्या ताई म्हणतात.

अशा बाईला ऑक्टोबरात कंपनीच्या नव्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं, “ताई, खूप धावपळ केलीत. एकतीस डिसेंबरला रिटायर होताय. तोवर ऑफिसात आरामात बसा. दौऱ्यावर आता आमची तरुण मंडळी जातील.”

वन्सं घरी आल्या त्या चपला न काढताच स्वयंपाकघरात आल्या. “बसा म्हणाला मला! मी पहिलं यंत्र उघडलं तेव्हा हा रांगत असेल. कधी स्क्रू पिळला नाही आयुष्यात, उंटावरून शेळ्या हाकतो, आणि मला म्हणतो बसा!”

मी “अरेरे” म्हटलं. तोंडदेखलं. खोटं कशाला बोलू, मनात माझ्या आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

त्याचं कारण आतल्या खोलीत खाटेवर होतं. माझे सासरे. त्यांना सगळी दुनिया मास्तर म्हणते, मीही मास्तरच म्हणते. पोटची दोन मुलंसुद्धा मास्तरच म्हणतात, कारण दोघंही त्यांच्याच वर्गात होती आणि वर्गात ‘बाबा’ म्हटलं की छडी मिळायची. चाळीस वर्षं गणित शिकवलं. आता वय शहाऐंशी. डोकं तल्लख, पण डावा पाय चालत नाही. गेली सात वर्षं त्यांना उठवणं, बसवणं, आंघोळ, औषधं, दाढी, सगळं मी करते. त्याच्या जोडीला माझं शिवणकाम. पॅन्ट आखूड करणं, चेन बदलणं, कमरेचं इलॅस्टिक घालणं, असली कामं घरबसल्या घेते. तोंडात कायम टाचण्या आणि बोलणंही तसंच, म्हणून वन्संनी माझं नाव टाचणी पाडलं. या सात वर्षांत मी गावाबाहेर एक पाऊल टाकलं नव्हतं. तेव्हा वन्सं रिटायर होणार म्हटल्यावर मी दिवस मोजत होते. म्हटलं, आता येऊ दे बाईसाहेबांना घरी. वडील त्यांचेही आहेत.

तर त्या संध्याकाळी वन्सं आत मास्तरांकडे गेल्या आणि पहिलं काय विचारलं असेल? “मास्तर, वही काढा. माझे मैल किती झाले?”

या मैलांचं आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. विमान कंपनी आपण किती उडलो त्याचे मैल मोजते. जानेवारीपासून डिसेंबरअखेर पन्नास हजार झाले की पुढच्या वर्षभर गोल्ड कार्ड. एक जानेवारीला पाटी कोरी, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. वन्संकडे बावीस वर्षं गोल्ड आहे. लोकांना वाटतं, गोल्ड म्हणजे मऊ खुर्च्यांची खोली आणि फुकटचं खाणं. वन्सं त्या खोलीत पायसुद्धा टाकत नाहीत, तिथे बसावं लागतं ना! त्यांना गोल्ड लागतं ते पेटीसाठी. त्यांची अवजारांची पेटी एकतीस किलोची. गोल्ड असलं की ती निमूट विमानात चढते, नसलं की काउंटरवर रडगाणं. आणि दुसरं म्हणजे विमान कितीही भरलेलं असो, गोल्डवाल्याची सीट कुणी काढून घेत नाही. ऑपरेशनं खोळंबलेली असतात तेव्हा याला मोल असतं.

सहा वर्षांपूर्वी विमान कंपनीचं पत्र आलं. यापुढे पन्नास हजारांच्या वर जेवढे मैल होतील ते वाया जाणार नाहीत, पुढच्या वर्षात धरले जातील. वन्संनी ते मास्तरांना वाचून दाखवलं. मास्तर खाटेवर ताठ झाले. म्हणाले, “म्हणजे हातचा!”

“हातचा कसला?”

“अगं, बेरजेतला हातचा! घर भरलं की वरचं पुढच्या घरात न्यायचं. शेवटी एका तरी कंपनीला गणित कळलं म्हणायचं.”

त्या दिवसापासून मास्तरांनी वही घातली. प्रत्येक प्रवासाहून वन्सं आल्या की मैल सांगायचे आणि मास्तरांनी थरथरत्या पण सुबक अक्षरात मांडायचे. वर्षाच्या पहिल्या ओळीत लाल शाईने ‘हातचे’ आणि मागच्या वर्षाचा आकडा. यंदाचा होता सहा हजार आठशे चाळीस. विमान कंपनी मोबाइलवर सगळं दाखवते म्हणे, पण वन्सं कधी बघायच्या नाहीत. “मास्तरांची वही असताना मोबाइल कशाला?” त्यांनी मोबाइल बघितला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण या घरात मास्तरांची बेरीज ताडून बघणं म्हणजे महापाप.

मास्तरांनी चष्मा लावला, पेन्सिल धरली, ओठ हलवत बेरीज केली. आम्ही सगळे श्वास रोखून. “पन्नास हजार तीनशे दहा,” मास्तर म्हणाले. “पक्कं झालं. वर हातचे तीनशे दहा.”

“झालं तर!” वन्सं म्हणाल्या. “आता त्या साहेबाने मला खुर्चीला बांधून घातलं तरी चालेल.”

“पण वन्सं,” मी म्हटलं, “रिटायर झाल्यावर तुम्हाला गोल्ड कशाला हवंय?”

तेव्हा त्यांनी पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला. त्यावर अकरा हॉस्पिटलांची नावं. सगळी लहान, सगळी लांबची. त्यांची यंत्रं जुनी, आणि कंपनी म्हणते जुन्याला हात लावणार नाही, नवीन घ्या. नवीन घ्यायची त्यांची ऐपत नाही. “चांगली ठणठणीत यंत्रं आहेत गं,” वन्सं म्हणाल्या. “एखादी झडपेची स्प्रिंग, एखादं दाराचं रबर. जानेवारीपासून मी माझी. एक वर्ष गोल्ड आहे तोवर अकराच्या अकरा मार्गी लावते. पेटीशिवाय माझा उपयोग शून्य, आणि गोल्डशिवाय पेटी हलत नाही.”

माझं डोकंच फिरलं. सात वर्षांचं सगळं एकदम बाहेर आलं. “आणि घरचं काय? हे बारावं हॉस्पिटल आहे ना, त्याचं नाव नाही तुमच्या यादीत! मी काय इथे खाटेला शिवून ठेवलेली आहे? तुमचे वडील आहेत वन्सं, माझे नाहीत!”

मास्तर समोर खाटेवरच होते. ऐकलं त्यांनी. वही मिटली.

वन्संनी कागदाची घडी घातली. मग शांतपणे म्हणाल्या, “बरं. मी राहते घरी. तुला कुठे जायचंय?”

मला कुठेच जायचं नव्हतं, कुठे जावं हे आठवायचीसुद्धा सवय मोडली होती. मी म्हटलं, “मरू दे,” आणि शिवणयंत्रावर जाऊन बसले. त्यानंतर दोन महिने आम्ही दोघी एकमेकींशी कामापुरतं बोललो.

त्या दोन महिन्यांत वन्संनी ऑफिसात काय केलं? बसल्या नाहीत. टेबलाशी उभं राहून सगळ्या जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीच्या नोंदी स्वतःच्या हाताने उतरवून काढल्या. साहेब म्हणाले, “ताई, हे कुणी वाचणार नाही.” त्या म्हणाल्या, “तुम्ही वाचू नका. ज्याला काम करायचंय तो वाचेल.”

सत्तावीस डिसेंबरला सकाळी चहा पिताना वन्संच्या फोनवर विमान कंपनीचा निरोप आला. त्यांनी वाचला, पुन्हा वाचला, फोन माझ्यासमोर धरला. ‘आपले यंदाचे मैल एकोणपन्नास हजार तीनशे दहा. गोल्डसाठी सहाशे नव्वद कमी. एकतीस डिसेंबरपूर्वी प्रवास करा.’

देवाशप्पथ सांगते, पहिल्यांदा मला हसू आलं. म्हटलं, बरी जिरली. आता बसा घरी.

पण तेवढ्यात मास्तरांनी ऐकलं. “वही आण सूनबाई,” म्हणाले. मी दिली. त्यांनी बोट एकेका आकड्यावर ठेवत खाली यायला सुरुवात केली. एककाचं घर बरोबर. दशकाचं बरोबर. शतकाच्या घरात बोट थांबलं. तिथली बेरीज आली होती तेवीस. तीन लिहायचे, हातचे दोन. मास्तरांनी तीन लिहिले होते आणि हातचेही तीनच धरले होते. पहिलीच्या पोराने करावी अशी चूक.

त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, “हातचा चुकला म्हणून चाळीस वर्षं मी पोरांना छड्या मारल्या. तुलाही मारल्यात.” आणि वन्संच्या पुढे त्यांनी आपला उजवा हात केला, तळवा वर करून. चेष्टा नव्हती ती. ते खरोखर छडीची वाट बघत होते.

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. मला इतकी लाज वाटली स्वतःची की सांगता येत नाही.

वन्संनी त्या तळव्यावर पेन्सिल ठेवली आणि वरून मूठ मिटवली. “मास्तर, तुमचं उत्तर बरोबर आहे.”

“अगं, एक हजार जास्त धरलेत मी.”

“उत्तर बरोबर आहे म्हणते ना! मैल कमी पडलेत. ते मी आणते. पन्नास हजार लिहिलेत ना तुम्ही, मग पन्नास हजार झालेच पाहिजेत. खोडू नका.”

“चार दिवस उरलेत.”

“चार दिवस म्हणजे खूप झाले,” वन्सं म्हणाल्या आणि चपला घालून निघाल्या.

आधी त्या साहेबांकडे गेल्या. कुठलाही दौरा द्या म्हणाल्या, कितीही लांबचा, कितीही वाईट. साहेब हसले. “एवढ्याशा प्लास्टिकच्या कार्डासाठी? ताई, आता घरी बसायची सवय करा.” वन्संनी तिथल्या तिथे शिल्लक रजेचा अर्ज लिहिला, उभ्यानेच, आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. म्हणाल्या, “सवय तुम्ही करा. माझी रिकामी खुर्ची बघायची.” मग यादीतल्या पहिल्या हॉस्पिटलाला फोन लावला. तिथल्या यंत्राच्या दाराचं रबर गेलं होतं, वाफ धरत नव्हती, महिनाभर बिचारे हत्यारं पातेल्यात उकळत होते. अंतर जायला चारशे दहा मैल, यायला चारशे दहा. तीस तारखेला सकाळी जाणं, एकतीसला दुपारी येणं. आठशे वीस मैल, म्हणजे काम होऊन वर थोडे उरणार.

संध्याकाळी त्या माझ्या शिवणयंत्रापाशी येऊन उभ्या राहिल्या. “टाचणे, चल.”

“कुठे?”

“रबर बसवायला दोन माणसं लागतात. कंपनीचा पोऱ्या मिळायचा नाही. आणि तुझ्याइतका हात कुणाचा नाही.”

“माझा काय संबंध रबराशी?”

“कमरेचं इलॅस्टिक कसं घालतेस?”

“चार भाग करते. चार ठिकाणी टाचते. मग मधलं समान ओढत घालते. एका टोकाकडून घालत गेलं तर शेवटी घोळ उरतो.”

“हेच,” वन्सं म्हणाल्या. “गोल दार आहे. सगळे एका टोकाकडून बसवत जातात आणि शेवटी फुगा येतो, तिथून वाफ सुटते. आमच्या तरुण मंडळींना एकतीस वर्षं सांगून कळलं नाही. तुला न सांगता येतं.”

मी कात्री खाली ठेवली. “आणि मास्तर?”

“धाकट्या आहे की,” वन्सं म्हणाल्या. धाकट्या म्हणजे आमचे हे. पाणीपुरवठा खात्यात नोकरी, स्वभाव गरीब, पण आजवर स्वतःचा चहासुद्धा केलेला नाही. ते वर्तमानपत्रामागून म्हणाले, “अगं पण मला ते औषधांचं...” मी औषधांचा डबा त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवला. “सकाळी पांढरी, दुपारी काही नाही, संध्याकाळी पिवळी. दाढी एक दिवसाआड. पाय उचलताना गुडघ्याखाली हात. चुकलात तर मास्तर सांगतील, ते चूक खपवून घेत नाहीत.” आतून मास्तर ओरडले, “आता खपवून घेतो!” बऱ्याच महिन्यांनी घरात सगळे एकदम हसलो.

मी विमानात पहिल्यांदा बसले ती अशी. विमानतळावर दोन रांगा होत्या, एक लांबलचक आणि एक रिकामी. रिकामीच्या तोंडाशी एक गणवेशातला माणूस. आम्ही दोन बायका, एकीच्या हातात ग्रीसचे डाग पडलेली लोखंडी पेटी. त्याने हात आडवा केला. “बाई, ही रांग गोल्डची आहे.” वन्संनी कार्ड दाखवलं आणि म्हणाल्या, “बावीस वर्षं माझीच आहे. तुम्ही नवीन दिसता.” पेटी काट्यावर ठेवली. एकतीस किलो, आणि कुणी चूं केलं नाही. मी मागे मान ताठ करून उभी होते.

हॉस्पिटल लहानसं, एकमजली. थोरल्या नर्सबाई दारातच उभ्या होत्या. यंत्र बघितलं तर बाहेरून गंजलेलं, पण वन्संनी नळीला हात लावला, दार दोनदा उघडझाप केलं आणि म्हणाल्या, “तब्येत खणखणीत आहे. कुणी म्हाताऱ्याला मोडीत काढायला निघालं होतं?” जुनं रबर काढलं, खाच पुसली. नव्या रबरावर मी खडूने चार खुणा केल्या, दारावर चार. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे आधी दाबून बसवलं. मग वन्संनी एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने मधलं भरत आणलं. शेवटी बोट फिरवलं तर कुठे फुगा नाही, कुठे ताण नाही. अर्धा तास लागला.

दार लावलं. काटा चढायला लागला. आम्ही सगळ्या तिथेच उभ्या. काटा जिथे पोचायचा तिथे पोचला आणि तसाच राहिला. दाराच्या कडेला वन्संनी हात फिरवला, मग माझा हात धरून फिरवला. कोरडा. एक थेंब नाही. नर्सबाई म्हणाल्या, “महिनाभर पातेली घासून माझे हात गेले हो,” आणि रडायलाच लागल्या. वन्संनी माझ्याकडे बोट दाखवलं. “हे यांचं काम. आमच्याकडे यांच्याइतका हात कुणाला नाही.” कुणी मला कामाबद्दल असं चारचौघांत कधी म्हणालं नव्हतं. मी पदर सारखा करत राहिले, दुसरं काय करणार.

दुसऱ्या दिवशी, एकतीस तारखेला, दुपारचं विमान. काउंटरवरच्या मुलीने कार्ड बघितलं, स्क्रीन बघितली आणि तिचा चेहरा पडला. “मॅडम, विमान जास्त भरलंय. तुमची सीट पक्की आहे, तुम्ही गोल्ड आहात. पण यांची नाही. यांना उद्या सकाळच्या विमानाने पाठवते.”

वन्संनी वाद घातला, आणि वाद म्हणजे काय, त्या मुलीच्या नाकी नऊ आणले. शेवटी ती रडवेली होऊन म्हणाली, “मॅडम, सीट खरंच नाहीये हो.” वन्संनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. बघताना त्यांचा चेहरा असा झाला की मला कळलं आता काय बोलणार.

“दोघी उद्याच जाऊ मग,” त्या म्हणाल्या. “पहिल्यांदाच आलीयेस तू. तुला परक्या गावात एकटीला टाकून मी जायची नाही.”

“आणि गोल्ड?”

“गेलं उडत.”

“मास्तरांची बेरीज?”

त्या पेटीकडे वळल्या. बावीस वर्षं काउंटरवर कधी माघार न घेतलेली बाई पेटी घेऊन परत निघाली होती. आणि मग माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. दोन महिन्यांपूर्वी हेच कार्ड बुडावं म्हणून मनोमन नवस बोलणारी मी, तिथे लोकांसमोर ओरडले, “वन्सं, हातचं सोडू नका! आयुष्यभर कामात कधी हातचं राखून वागला नाहीत, आणि आज कमावलेलं हातचं सोडून देताय? माझ्यासाठी? मला काय धाड भरलीय? दोन हात, दोन पाय, जीभ तर घरभर पुरून उरेल एवढी! चला, व्हा पुढे!”

“अगं पण रात्री—”

“नर्सबाईंकडे राहीन. उद्या येईन. तुम्ही मला विचारलं होतंत ना, तुला कुठे जायचंय? मला कुठे जायचं नाहीये. मला इथेच राहायचंय, एकटीने, एक दिवस. आता कळलं मला. जा!”

मी पेटी उचलून काट्यावर आपटली. एकतीस किलो. अजून माझी कंबर त्याची आठवण काढते. काउंटरवरची मुलगी बघतच राहिली. वन्संनी डोळे पुसले, कार्ड घेतलं आणि रिकाम्या रांगेतून ताठ चालत गेल्या. वळून बघितलं नाही, बघितलं असतं तर परत आल्या असत्या.

मग मी त्या गावात फिरले. कुठे म्हणाल तर कुठेच नाही. एका रस्त्याने गेले, दुसऱ्याने आले. एका दुकानात चहा घेतला आणि तो गरम असताना प्यायले, सात वर्षांत पहिल्यांदा. कुणी “सूनबाई” म्हणून हाक मारली नाही, कुणी “अगं, माझा मोजा कुठे” विचारलं नाही. एका शिंप्याच्या दुकानासमोर उभं राहून त्याचं काम बघितलं. बाही उलटी लावत होता, आत जाऊन सांगितलं. संध्याकाळी नर्सबाईंच्या घरी पोचले तेव्हा मी दमले होते आणि इतकी खूश होते की मलाच माझी भीती वाटली.

एक जानेवारीला दुपारी घरी आले. दार उघडंच. मास्तरांची दाढी केलेली होती, हनुवटीवर दोन ठिकाणी कागदाचे तुकडे चिकटवलेले. आमचे हे खुर्चीत अंग टाकून पडलेले, मला बघून म्हणाले, “आलीस? देवा, सुटलो. हे तू रोज करतेस?”

“सात वर्षं,” मी म्हटलं.

मास्तरांच्या मांडीवर नवी वही. जुन्या वहीतलं पान त्यांनी मला दाखवलं. पन्नास हजार तीनशे दहा खोडलं नव्हतं. त्याच्या खाली लिहिलं होतं, ‘पन्नास हजार एकशे तीस. गोल्ड कायम.’ नव्या वहीत पहिल्या पानावर वन्संचं नाव आणि लाल शाईत ‘हातचे एकशे तीस’. हा आकडा त्यांनी तीनदा ताडला होता, आणि कधी नव्हे ते मोबाइलशीही.

“हे पान उलट,” मास्तर म्हणाले.

मी उलटलं. दुसऱ्या पानावर माझं नाव होतं. टाचणी नाही, सूनबाई नाही, माझं खरं नाव, जे या घरात कुणी घेत नाही. खाली त्याच सुबक अक्षरात, चारशे दहा आणि चारशे दहा, आठशे वीस.

“सूनबाई,” मास्तर म्हणाले, “बेरजेत हातचा कुणाला दिसत नाही. डोक्यावर बारीकसा लिहायचा आणि उत्तर आलं की विसरायचा. पण तो धरला नाही तर अख्खं उत्तर चुकतं. मी गणिताचा मास्तर, आणि सात वर्षं घरातला हातचा धरायला विसरलो. घे, हे तुझं पान.”

मी त्यांच्या पायाशी बसून मनसोक्त रडले. वन्संनी रडू दिलं. मग तो अकरा नावांचा कागद काढला, एकावर काट मारली आणि माझ्यासमोर पसरला. “दहा उरली. रबराची सहा, झडपांची चार. झडपा मी एकटी बघेन, तेव्हा मास्तरांजवळ तू. रबराला दोघी. पुढच्या महिन्यात दहा तारखेला निघायचं.”

“निघायचं,” मी म्हटलं. डोळे पुसायच्या आधीच म्हटलं.

आमचे हे खुर्चीतून ताडकन उठले. “अगं, दोघी? पुन्हा? मग मास्तरांना कोण बघणार?”

मास्तरांनी नवी वही उघडली, तिसरं पान काढलं, चष्म्यावरून आपल्या मुलाकडे बघितलं. “तुझे मैल किती?”

“माझे? एकही नाही.”

“मग,” मास्तर म्हणाले, “तू बस.”